काकाकुवासाठी स्थळ

मावशींच्या घरी दोन गोष्टी कधी मिळाल्या नाहीत: कांदा आणि झोप. कांदा पक्ष्याला बाधतो म्हणून घरात यायचा नाही, आणि झोप पक्ष्यामुळेच यायची नाही. मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा मावशींनी या दोन्ही गोष्टी मला दारातच सांगून टाकल्या होत्या. पण मी तेव्हा इतकी दमलेली होते की आत वाघ पाळलाय असं सांगितलं असतं, तरी "चालेल, पार्किंग आहे ना?" एवढंच विचारलं असतं.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडची गोष्ट. उन्हाळ्यात तिथं घराचं दार उघडलं की इडलीपात्राचं झाकण उचलल्यासारखी वाफ तोंडावर येते. मी नागपूरची, उन्हाला भिणारी नव्हे, पण त्या दमटपणानं मला पहिल्याच महिन्यात नमवलं. प्रोजेक्ट कधी वाढायचा कधी लटकायचा, व्हिसा त्याच्या शेपटीला बांधलेला, आणि ऑफिसला जायचं तर ट्रॅफिकमध्ये तास जायचा. आता कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, कंपनीच्या शटलमध्ये डोळे मिटून बसते तेव्हाही ती दमणूक अंगातून पुरती गेलेली नाही. त्या काळातलं ऑफिस मला धड आठवत नाही, माणसंही आठवत नाहीत. आठवतात त्या मावशी आणि त्यांची ताई.

ताई म्हणजे काकाकुवा. पांढराशुभ्र पक्षी, डोक्यावर लिंबाच्या रंगाचा तुरा, तांबूस डोळे. तिच्या पिसांची बारीक पांढरी भुकटी घरभर पसरलेली असायची. काळा कपडा घालून मी त्या घरातून कधी काळ्या कपड्यात बाहेर पडले नाही. खुर्च्यांचे पाय, कपाटांच्या कडा, माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर, सगळ्यावर तिच्या चोचीची सही होती. पोपटासारखी ती बोलत मात्र नसे. इतक्या वर्षांत एक शब्द नाही. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती फक्त ओरडायची, आणि असं ओरडायची की शेजारच्या घराचे मालक बदलत राहायचे.

"बोलत कशी नाही हो ही?" मी एकदा विचारलं.

"मी बोलते तेवढं पुरे आहे की घरात," मावशी म्हणाल्या.

ते खरंच होतं. मावशी ठेंगण्या, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी अधू, आणि सदैव उभ्या. त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं होतं: "तू बस, मी बघते." हे त्या मला म्हणत, पाहुण्यांना म्हणत, सिंक दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलासुद्धा म्हणत. तो बिचारा पाना हातात घेऊन सोफ्यावर बसलेला आणि मावशी सिंकखाली, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरकडे नर्सला बीपी मोजायचा पट्टा सापडेना, तर मावशी टेबलावरून उतरल्या आणि म्हणाल्या, "यू सिट, आय विल सी." अमेरिकन माणसाला ती धमकीच वाटते. नर्स बसली.

त्या चार भावंडांत सर्वांत थोरल्या. आई कायम आजारी. सातवी-आठवीत असल्यापासून सगळ्या घरादाराची ताई. आईसुद्धा त्यांना ताईच म्हणायची. "मला कुणी कधी तू बस म्हणालं नाही गं," त्या एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, आणि लगेच पुढची पोळी तव्यावर टाकली. तक्रार म्हणून म्हणाल्या नव्हत्या. मी घरातलं शेंडेफळ, मला सगळं आयतं हातात मिळालेलं.

लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी त्या इंडोनेशियाला गेल्या. नवरा तेलविहिरींवरचा इंजिनीयर. बोर्निओच्या किनाऱ्यावर कंपनीचं घर, तो आठवडेच्या आठवडे समुद्रात, आणि या बावीस वर्षांच्या, एकट्या. भाषा बाजारात शिकल्या. तिथं शेजारच्या सुलावेसी बेटावरून आलेल्या एका बोटीवरच्या माणसाकडे हा पक्षी होता. मावशींनी नाव विचारलं. तो म्हणाला, काकातुआ. मावशींना तेव्हा भाषा नुकती कळायला लागली होती. काकाक म्हणजे थोरलं भावंड, बाजारात बायका एकमेकींना त्याच शब्दानं हाका मारायच्या. तुआ म्हणजे म्हातारं, वयस्कर. "मी त्याला विचारलं, ही माझ्यापेक्षा मोठी आहे का?" मावशी सांगायच्या. "तो म्हणाला, हो तर, पुष्कळ मोठी. मी तिला घरी घेऊन आले. म्हटलं, जन्मभर मी सगळ्यांची ताई झाले, आता मला एक ताई मिळाली."

त्या माणसाला पक्षी विकायचा होता, तो काय नाही म्हणणार? पण मावशींनी ते शब्दशः धरलं. बोर्निओहून ह्यूस्टनला बदली झाली तेव्हा पक्षी आणणं आजच्याइतकं जिकिरीचं नव्हतं. ताईही आली. घरात ती वडीलधारी. तिचं जेवण झाल्याशिवाय मावशी जेवायच्या नाहीत. तिला अहो-जाहो. पाडव्याला नमस्कार. पुढं पुढं मावशींनी ठरवलं की ताई आता फार थकली, आणि तिच्यासाठी मऊ भात, उकडून कुस्करलेला भोपळा असं सुरू केलं. ताई तो भोपळा भिंतीवर उडवायची आणि दाराची चौकट खायला जायची.

"म्हातारपणी चिडचिड होतेच," मावशी म्हणायच्या.

इकडे आल्यावर त्यांनी काउंटीच्या लायब्ररीत नोकरी केली होती. तिथल्या जाडजूड कोशांतून त्यांना कळलं की काकातुआ या शब्दाबद्दल पंडितांचं एकमत नाही. थोरली बहीण हा एक अर्थ. दुसरे म्हणतात, काकातुआ म्हणजे पकड, सुताराकडे खिळे उपटायला असते ती. पक्ष्याची चोच तशी म्हणून ते नाव. तिसरे म्हणतात, अर्थबिर्थ काही नाही, पक्षी जसा ओरडतो तसंच लोकांनी त्याला नाव दिलं. मावशी तिन्ही अर्थ मानत, पण वेळ बघून. पहाटे तिसरा. दुपारी, खुर्चीचा पाय मोडल्यावर, दुसरा. आणि संध्याकाळी, ओरडून झाल्यावर ताई मावशींच्या खांद्याला डोकं टेकून बसायची तेव्हा, पहिला.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांना दर वर्षी पाच मिनिटं बोलायला देत. दर वर्षी त्या याच शब्दावर बोलत. "ही थोरली बहीण बंदरातून बोटीत बसली," त्या हात नाचवून सांगत. "डचांनी तिला पिळून काकेतू केली, विलायतेला पोचेपर्यंत इंग्रजांनी कॉकाटू म्हणून तिचा कोंबडा केला, आणि आपल्याकडे आली तर आपण काकाकुवा म्हणून तिचा काका करून टाकला! बाईमाणसाचे काय हे हाल!" पहिल्या वर्षी लोक हसले असतील. मी तिथं राहायला आले तोवर त्या बोलायला उभ्या राहिल्या की निम्मं मंडळ बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. मावशींना ते दिसत असे. पण त्या पाच मिनिटं पुरी करत.

मुलगा सिअॅटलला. सुनेला दमा, त्यामुळे पिसांची भुकटी त्या घरात चालणारच नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती; मावशींचे गुडघेही पार गेले तसा मुलाचा रोज फोन. स्पीकरवर असायचा म्हणून मलाही ऐकू यायचा.

"आई, यू कान्ट लिव्ह अलोन लाइक धिस. पॅक कर आणि ये. त्या बर्डला कुठंतरी देऊन टाक."

"ती काय जुनं फर्निचर आहे? आधी तिला नीट पोचवते, मग येते. किती दिवस राहिलेत तिचे!"

हा मावशींचा हिशेब होता. ताई थोरली, म्हणजे ताई आधी जाणार. तिचं शेवटचं आपल्या हातून व्हावं, कुणी परक्यानं करू नये. मग त्या सुटणार, मग सिअॅटल, मग बसायचं. त्या हे इतक्या शांतपणे सांगत की मलाही ते सगळं ठरल्यासारखंच वाटायचं.

एका शनिवारी ताईची नखं कापायला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. नेहमीचे डॉक्टर निवृत्त झाले होते, नवी मुलगी आली होती. ड्राइव्ह मी केलं. ताई पिंजऱ्यात, पिंजरा मावशींच्या मांडीवर, एसी पूर्ण. त्या डॉक्टर मुलीनं ताईचा पंख ताणून पाहिला, पाय पाहिले, छाती चाचपली आणि म्हणाली, ब्यूटिफुल.

"शी इज व्हेरी ओल्ड," मावशी म्हणाल्या. "ओल्डर दॅन मी."

मुलीनं वर पाहिलं. "तुम्ही आणलंत तेव्हा हिचे डोळे असेच होते का? लालसर?"

"नाही. तेव्हा राखाडी होते," मावशी इंग्रजीत म्हणाल्या. "नंतर लाल झाले. आम्हाला वाटलं, जागा बदलली, हवा मानवली नाही."

डॉक्टर हसली. फार आनंदाची बातमी द्यावी तशी हसली. म्हणाली, या जातीत डोळे राखाडी असतात ते पिल्लांचे. मोठी झाली की मादीचे डोळे तांबूस होतात. "म्हणजे तुम्ही घरी आणलं तेव्हा शी वॉज अ बेबी! अजून वीस वर्षं जगेल. कदाचित तीस. तब्येत मस्त आहे."

मावशींनी थँक्यू म्हटलं. पिंजरा उचलताना मी हात पुढे केला, त्यांनी सवयीनं म्हटलं, "तू बस, मी बघते," पण आवाज नेहमीचा नव्हता.

गाडीत त्या पिंजरा दोन्ही हातांनी धरून बसल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, बरं झालं ना, तब्येत चांगली आहे. हायवे सिक्सच्या सिग्नलला गाडी थांबली, समोर भलामोठा ट्रक होता. मावशी ट्रककडे बघत म्हणाल्या, "म्हणजे इथंही मीच."

मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं, आणि सिग्नल हिरवा झाला तरी माझा पाय उठेना. मागच्याने हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी किंकाळी झाली आणि पाठोपाठ खालून मावशींचा आवाज आला: "ए बाई, ओरडू नको, उठले मी." मी अंथरुणात उठून बसले. अहो-जाहो गेलं होतं. मऊ भातही त्या दिवसापासून बंद झाला. मावशींनी तिच्यापुढं अख्खे अक्रोड टाकले आणि तिनं ते कडाकड फोडले.

तिसऱ्या दिवशी मावशी फोन घेऊन बसल्या. "धाकटी आहे, तिला कुठंतरी चांगल्या ठिकाणी द्यायला हवी," मला म्हणाल्या. "माझं काही झालं तर ही कुणाच्या दारात उभी राहणार? स्थळं बघते." स्थळं हाच शब्द त्यांनी वापरला. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग दर शनिवारी बघण्याचा कार्यक्रम. मावशी इस्त्रीची साडी नेसत, मला चांगला ड्रेस घालायला लावत, "तू मुलीकडची" म्हणून. पिंजरा पुसून दिवाणखान्यात. आणि पोहे. घरात कांदा नाही, म्हणून बटाट्याचे पोहे, पण नाव कांदेपोहेच. मी स्वतः नागपूरला दोनदा ट्रे घेऊन बाहेर आलेली मुलगी. तो कार्यक्रम परत एका पक्ष्यासाठी करावा लागेल असं वाटलं नव्हतं. आठवडाभर राबून शनिवारी खोबरं किसताना माझा जीव नको नको व्हायचा. पण मावशींकडे पाहिलं की नाही म्हणता यायचं नाही.

पहिलं स्थळ, एक निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या पत्नी. मोठं घर, सनरूम, सगळं पांढरं. काकूंना पक्षी सोफ्याला शोभेल असा वाटला. मावशींनी तिन्ही अर्थ सांगून विचारलं, "तुम्हाला कुठला पटतो?" डॉक्टरसाहेबांनी फोन काढून वाचून दाखवायला सुरुवात केली. मावशींनी त्यांना पोहे वाढले.

"कांदा विसरलात का?" काकू म्हणाल्या.

"विसरले," मावशी म्हणाल्या. तिथंच मोडलं.

दुसरं स्थळ पुण्याचं आयटीतलं जोडपं, बरोबर मुलगी. मुलगी म्हणाली, "डज इट डू ट्रिक्स?" वडील म्हणाले, "बोलत नाही? यार, मग एवढा खर्च कशाला?" मग त्यांनी चमच्यानं पोहे ढवळले आणि बायकोला हळूच म्हणाले, "यात कांदाच नाहीये." तिसऱ्यांनी घर पाहिलं, पक्षी नाही पाहिला, त्यांना घर विकत हवं होतं. चौथ्यांच्या बोटाला ताईनं अर्थ क्रमांक दोन दाखवला. असे कितीतरी. मावशी प्रत्येक वेळी म्हणत, "पत्रिका जुळली नाही." आणि प्रत्येक शनिवारनंतर थोड्या अधिक वाकून चालत.

तिकडं मुलगा तारखा विचारत होता. मावशींचा पाय बाथरूममध्ये घसरला, पडल्या नाहीत, पण कपाट धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला त्यांनी हे मुलाला सांगू नको म्हटलं. संध्याकाळी पिंजऱ्याशी बसून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मी दारातून ऐकलं: "तुला टाकून नाही जाणार. पण लवकर जमू दे गं कुठंतरी."

मग डॉक्टर मुलीनं एकीला पाठवलं. जवळच्याच रोझेनबर्ग गावची, शाळेची बस चालवणारी, पन्नाशीची टेक्सन बाई. दंड भक्कम, आवाज खर्जातला. तिच्याकडे असाच एक पक्षी होता, तो गेल्या वर्षी गेला. दारात येताच तिनं न सांगता बूट काढून उंच शेल्फवर ठेवले, "दे गो फॉर द लेसेस" म्हणाली. बसली नाही. आधी पिंजऱ्यापाशी गेली आणि नुसती उभी राहिली, ताईकडे न बघता. ताईच सरकत सरकत जवळ आली.

मावशींनी तिन्ही अर्थ सांगितले. इंग्रजीत, सावकाश. कुठला पटतो?

"मॅम, मला काय कळणार," ती म्हणाली. "पण ते जे काय आहे ते हे पक्षी स्वतःच रोज पाच वाजता मोठ्यानं सांगतात बघा."

मावशी हसल्या. मी पोह्यांची बशी तिच्या हातात दिली. तिनं चमचा उचलला, थांबली, बशी नाकाजवळ नेली आणि विचारलं, "यात कांदा नाही ना? कारण ही मागणार माझ्याकडे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. लग्न ठरलं.

पाठवणीच्या दिवशी मावशींनी त्या बाईची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. तिनं टी-शर्टचा पुढचा भाग पसरून ती घेतली, कशाला ते विचारलं नाही. ताईनं पिंजऱ्यातून चोच काढून खणाचा एक कोपरा टरकावला. मग मावशींनी स्वतःची बॅग बाहेर आणली.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"पाठराखीण नको? नव्या घरी मुलगी एकटी कशी पाठवायची? चार दिवस राहीन, रुळली की येते."

मी त्या बाईला पाठराखीण म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, आमच्याकडे गेस्ट रूम आहे, आणि बॅग उचलून ट्रकमध्ये टाकली.

ते चार दिवस मी त्या घरात एकटी होते. पहाटे कुणी ओरडलं नाही. मी तरी जागी झाले, आणि पडल्या पडल्या मला रडू आलं. दमल्यामुळे असेल.

रविवारी मी मावशींना आणायला रोझेनबर्गला गेले. लहानसं घर, मागं जाळीचा मोठा व्हरांडा, त्यात फांद्या, दोऱ्या, आणि ताई अगदी वर. ती मावशींकडे बघत नव्हती. एका दोरीची गाठ सोडवण्यात गर्क होती. मावशी आतल्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, कुणी बोलावलं तर लगेच उठता यावं म्हणून बसतात तशा.

"रुळली?" मी विचारलं.

"कालपासून मला शोधत नाही," मावशी म्हणाल्या. "चांगलं झालं." आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या.

पाच वाजले. व्हरांड्यातून ती किंकाळी आली, तीच, घर हलवणारी. मावशी उठायला लागल्या. एक हात खुर्चीच्या दांडीवर, दुसरा गुडघ्यावर. मी पुढं झाले, तर सवयीनं म्हणाल्या, "तू बस, मी बघते."

ती बाई स्वयंपाकघरातून येत होती, एका हातात सफरचंदाच्या फोडी, दुसऱ्यात चहाचा कप. कप तिनं मावशींच्या हातात दिला, रिकामा झालेला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि पुढं जाता जाता म्हणाली, "यू सिट, हनी. आय गॉट हर."

मावशींनी तिच्या पाठीकडं पाहिलं. वयानं मुलीसारखी ती. बाहेर ताई अजून ओरडत होती. मावशी हळूहळू मागं सरकल्या, पाठ टेकली, आणि बसल्या.